धोतऱ्याची रात्र

सोलापूरच्या माळावर पाऊस खऱ्या अर्थाने बरसतो तो सप्टेंबरात, आणि त्यानंतरचे काही आठवडे शेताच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेला व पडक्या वाड्यांच्या आवारात धोतरा भरभरून फुलतो. ज्याला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, ज्याच्या पानापासून बीपर्यंत सर्वांगात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषारी द्रव्ये भिनलेली असतात आणि महादेवाला फूल वाहण्यापुरतीच ज्याची आठवण होते, त्या या झाडाची खरी थोरवी रात्री कळते.

उन्हे असेपर्यंत धोतऱ्याची कळी मिटलेल्या छत्रीसारखी स्वतःभोवती पिळलेली असते. दिवेलागणीच्या सुमारास तिच्या घड्या सैल होऊ लागतात, टोकाशी अडकलेला एखादा पदर हलकेच निसटतो, त्यापाठोपाठ दुसरा सुटतो आणि पाहता पाहता जवळजवळ वीतभर लांबीचे पांढरे फूल अंधाराकडे तोंड करून उघडते. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की तेच फूल मलूल होते. पांढरा रंग, काळोख पडताच दरवळणारा गोड वास आणि लांब नळीच्या तळाशी साठलेला मधुरस ही पतंगांकरवी परागण होणाऱ्या फुलांची ठळक लक्षणे होत. परागण म्हणजे फुलातील परागकण त्याच किंवा दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पोचणे. परसातल्या गुलबक्षीत आणि रस्त्याकडेच्या बुचाच्या झाडातही या फुलांची बरीच लक्षणे दिसतात.

या फुलांच्या पाहुण्यांत स्फिंजिडी कुलातील पतंग, ज्यांना हॉक मॉथ म्हणतात, ते प्रमुख होत. त्यांपैकी अॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली या जातीची शेपटीशी शिंग असलेली जाडजूड अळी रताळ्याच्या वेलाची पाने फस्त करते, म्हणून शेतकरी तिला कीड मानतो. पण जमिनीत कोष करून तीच अळी पतंगाच्या रूपाने बाहेर पडते तेव्हा तिला शरीराहूनही लांब सोंड आलेली असते आणि पानांऐवजी मध हेच तिचे अन्न झालेले असते. उडण्यापूर्वी हा पतंग फांदीवर बसल्या जागी पंख थरथरवीत राहतो. ती थरथर भीतीची नसते. छातीचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय, म्हणजे जवळजवळ माणसाच्या अंगाइतकी ऊब त्यांत आल्याशिवाय, इतके जड शरीर हवेत उचलत नाही. एकदा उचलले की तो फुलासमोर अधांतरी स्थिरावतो, सोंड सोडतो आणि क्षणात दुसऱ्या फुलाकडे वळतो. टी. आर. बेल या वनाधिकाऱ्याने कारवारच्या परिसरात या कुलातील अळ्या पाळून त्यांचे जीवनक्रम नोंदवले, आणि एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. अळी कोणत्या झाडावर वाढते हे अशा पालनातून कळते. पतंग कोणत्या फुलावर जातो हे मात्र रात्री फुलापाशी थांबूनच पाहावे लागते.

छायाचित्रणाचे मोल येथे आहे. पतंगांची बहुतेक चित्रे पांढरा पडदा टांगून त्यावर दिवा सोडून घेतलेली असतात. त्यांतून त्या भागात कोणती जात आहे हे कळते, पण ती कुठून आली आणि कुठे निघाली होती हे कळत नाही. धोतऱ्याला स्वतःच्या परागावरही बी धरता येत असल्यामुळे त्याचे काटेरी बोंड पाहूनही पतंग आल्याचे सिद्ध होत नाही. सोंडेच्या मुळाशी आणि तोंडावर चिकटलेली परागाची फिकट भुकटी ज्यात स्पष्ट दिसते असे एक छायाचित्र म्हणूनच पडद्यावरच्या शंभर चित्रांहून मोलाचे ठरते. ते मिळवायचे तर कॅमेरा तिवईवर ठेवून, मॅक्रो म्हणजे जवळचे बारीक तपशील टिपणारी लेन्स आधीच फुलाच्या तोंडाशी नेमकी जुळवून वाट पाहावी लागते, कारण पतंग आल्यावर जुळवाजुळवीला वेळ उरत नाही. पंखांची अतिवेगवान हालचाल थांबवण्याचे काम शटरपेक्षा फ्लॅशच करतो. त्याची शक्ती जितकी कमी ठेवावी तितका त्याचा झोत अल्पकाळाचा होतो आणि पतंगालाही त्याचा त्रास कमी होतो. हॉक मॉथ ताऱ्यांच्या उजेडातही रंग ओळखतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे. मात्र त्याच्या डोळ्यांतील ग्राहक अतिनील, निळ्या व हिरव्या प्रकाशाचे असल्यामुळे मंद तांबडा दिवा त्याला फारसा जाणवत नाही, आणि वाट पाहताना तेवढाच उजेड वापरणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्यच आहे.

उजेडाचा प्रश्न कॅमेऱ्यापुरता नाही. स्वित्झर्लंडमधील कुरणांत केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिव्यांच्या प्रकाशात फुलांना रात्री होणाऱ्या कीटकभेटी ६२ टक्क्यांनी घटल्या आणि अभ्यासलेल्या वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. तेथे दिवसाच्या कीटकांनाही ती उणीव भरून काढता आली नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालेल्या, सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळांचा विचार करताना या पतंगांची आठवण क्वचितच होते, आणि पक्ष्याइतकीच त्याच्या माळावरची रात्रही जपण्याजोगी आहे हे अद्याप पुरेसे ठसलेले नाही.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी धोतऱ्यावरच्या पतंगाच्या प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, गाव आणि झाडाचे नाव अवश्य लिहून ठेवावे. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी बांधाच्या एखाद्या कोपऱ्यात, लहान मुलांचा व जनावरांचा वावर नसेल तेथे, धोतऱ्याची दोन-चार झाडे राखावीत आणि त्या बाजूचा दिवा रात्री मालवावा.