एक जिल्हा, तीन रस्ते, तीन टोल

शनिवारी सकाळी लवकर पुण्यातून निघायचं, वाघोलीचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत पार करायचं आणि नगर, शिर्डी, संगमनेर असा गोल मारून रविवारी रात्री घरी. एकदम हिट वीकएण्ड! या राउण्डमध्ये भुईकोट किल्ला भेटतो, साईबाबा भेटतात, रसवंतीगृहं भेटतात आणि टोलनाके भेटतात. पहिल्या तिघांवर लिहिणारे ढीगभर आहेत. आपण चौथ्याकडे बघू. जुनाच रस्ता एक दिवस टोलचा होतो, तेव्हा ते नेमकं ठरवतं कोण? हे समजून घ्यायला नगर (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) हा मस्त जिल्हा आहे. इथे तीन रस्ते आहेत आणि तिघांची टेबलं वेगळी आहेत.

पहिला रस्ता : मुंबईची फाइल

शिरूर सुटलं की घोड नदीचा पूल. तो ओलांडला की नगर जिल्हा. थोडं पुढे वाडेगव्हाण फाटा, इथून आत राळेगणसिद्धी. मग म्हसणे फाटा आणि नंतर सुप्याची एमआयडीसी. हा पुणे-नगर रस्ता काही आकाशातून पडलेला नाही, पिढ्यान् पिढ्या वापरातला आहे. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने तो 'बीओटी'वर, म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा या बोलीवर चौपदरी करून घेतला आणि म्हसणे फाट्याला टोलनाका आला.

राज्याला हा अधिकार कुठून मिळाला? घटनेच्या राज्यसूचीत 'टोल' हा विषयच आहे, ५९ व्या क्रमांकावर. शिवाय १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याचं कलम २० राज्य सरकारला टोल लावू देतं आणि वसुलीचं काम करार करून खासगी कंपनीकडेही देऊ देतं. त्याहून जुना आहे १८५१ चा टोल कायदा. सरकारी खर्चाने बांधलेल्याच नव्हे, तर दुरुस्त केलेल्या रस्त्यावरही टोल लावण्याची मुभा त्यात आहे. 'दुरुस्त केलेल्या' हे दोन शब्द लक्षात ठेवा. 'रस्ता तर आधीपासूनच होता की,' हा आपला हुकमी मुद्दा तिथेच बाद होतो.

अर्थात, लावणारा काढूही शकतो. ३१ मे २०१५ च्या मध्यरात्री राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली. कोल्हापूरकरांनी रस्त्यावर उतरून २०१५ च्या अखेरीस शहरातला टोल घालवला. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. विधानसभा निवडणूक जाहीर झाली ती दुसऱ्याच दिवशी! फक्त एक गोष्ट विसरू नका. कंत्राटदाराची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतून जाते. म्हणजे नाक्यावर वाचलेले पैसे आपल्याच दुसऱ्या खिशातून जातात आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्याच्याही.

दुसरा रस्ता : निवडीची संधी

शिर्डीच्या पुढे कोपरगाव तालुक्यातून 'समृद्धी' जातो. तोही राज्याचाच, पण 'एमएसआरडीसी'चा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा महामार्ग सुरू झाला. टोल भरभक्कम आहे, पण रस्ता कोरा करकरीत. पटलं तर वर चढा, नाहीतर जुना रस्ता आहेच. सुप्याच्या माणसाला ही निवड कुठे होती?

तिसरा रस्ता : दिल्लीचं राजपत्र

परतीला संगमनेर. पुणे-नाशिक रस्ता, आधीचा राष्ट्रीय महामार्ग ५०, आताचा ६०. खेड ते सिन्नर चौपदरी झाला आणि संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसाचा नाका आला. इथे निर्णय दिल्लीचा. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार कुठलाही रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित करायचा अधिकार केंद्राचा. कलम ७ नुसार राजपत्रात अधिसूचना काढून त्यावर शुल्क लावायचा अधिकारही केंद्राचाच.

२००८ च्या नियमांनी काही लगाम घातलेत. एकाच दिशेच्या दोन नाक्यांत साधारण ६० किलोमीटर अंतर हवं, नाका नगरपालिका हद्दीपासून १० किलोमीटर दूर हवा. अपवाद करता येतो, पण कारणं लेखी द्यावी लागतात. मात्र शेजारी फुकटचा पर्यायी रस्ता हवाच, अशी अट या नियमांत नाही.

आणि हो, पुणे-नगर रस्त्याला आता ७५३-एफ आणि नगर-शिर्डीला १६० हा राष्ट्रीय नंबर आहे. ही नुसती रंगरंगोटी समजू नका. नंबर बदलला की टोलचा अधिकार मुंबईच्या टेबलावरून दिल्लीच्या टेबलावर जायचा मार्ग मोकळा होतो.

आपलं मत कुठे?

गंमत बघा, याच जिल्ह्यात प्रवरेच्या शेतकऱ्यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. तिथे सभासदाला मत आहे, वार्षिक सभेत उभं राहून भाव विचारता येतो. दारावरून जाणाऱ्या रस्त्याबाबत मात्र त्याच शेतकऱ्याला सगळं कळतं ते बूथ उभे राहिल्यावर. ग्रामसभा, जिल्हा परिषद, कुणाचाच होकार लागत नाही. आरडाओरडा होतो तो नाक्यावर आणि तो ऐकायला असतो बूथमधला पगारी पोरगा. खरी वेळ असते त्याच्या बरीच आधी, रस्त्याचा नंबर बदलतो किंवा चौपदरीकरणाचा करार होतो तेव्हा. आमदार-खासदारांना गाठायचं ते तेव्हा.

निघण्याआधी

• केंद्राचा फास्टॅग वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत सुरू झाला. खासगी कारसाठी २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. चालतो फक्त केंद्राच्या नाक्यांवर, 'समृद्धी'वर नाही.

• केंद्राच्या नाक्यावर २४ तासांत परतलात तर येण्या-जाण्याचं मिळून दीडपट शुल्क.

• घर अशा नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत असेल तर खासगी गाडीला मासिक पास मिळतो, पण सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल तर नाही.

• वसुली किती झाली, करार कधी संपतो? दहा रुपयांत माहितीचा अधिकार वापरा. त्याच्या लढ्यातलं एक मोठं गाव वाडेगव्हाण फाट्यावरून आत आहे. अर्ज मात्र योग्य टेबलावर करा : बांधकाम खातं, एमएसआरडीसी की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, ते रस्ता बघून ठरवा.