एकुलती रोहिणी

'पाठीचा कणा' म्हटले की आपल्याला बाणा आठवतो, ताठ मान आठवते. पण कण्याच्या पोकळीत सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची, बोटापेक्षाही बारीक अशी एक मऊ दोरी असते आणि मणक्यांचे सारे कठीणपण तिच्या राखणीसाठी असते, हे कुणाच्या ध्यानात येते? ही दोरी म्हणजे मज्जारज्जू. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोचतो तो तिच्यातूनच.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. हे वाचण्याचे मला एरवी कारण नव्हते. पण तीन वर्षांपूर्वी आबांच्या पाठीत एकाएकी कळ उठली आणि तासाभरात दोन्ही पायांतले बळ गेले. मज्जारज्जूच्या पुढच्या रक्तवाहिनीतला प्रवाह थांबला, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून मी पुस्तके धुंडाळू लागलो. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत धमनीला 'रोहिणी' म्हणतात. तोवर रोहिणी मला फक्त आकाशातली ठाऊक होती!

मज्जारज्जूच्या लांबीभर तीन रोहिण्या उतरतात : पाठीमागून दोन, पुढून मात्र एकच. मानेतून मेंदूकडे चढणाऱ्या दोन रोहिण्यांच्या एकेक फांदीचा संगम होतो आणि ही पुढची रोहिणी जन्मते. रज्जूचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग ती एकटी पोसते. उगमाचे रक्त शेवटपर्यंत पुरत नाही, म्हणून वाटेत इतर फांद्या येऊन भर घालतात. रज्जूतून चेतातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. गर्भात प्रत्येक जोडीसोबत अशा फांद्या असतात. पुढे त्यांतल्या मोजक्याच रज्जूपर्यंत पोचतात. सर्वांत मोठी बहुधा डाव्या बाजूने, छातीच्या शेवटच्या मणक्यांपाशी आत शिरते, थोडी वर चढते आणि केसांच्या आकड्यासारखी वळून खाली उतरते. अल्बर्ट अदामकेविच या पोलिश वैद्याने १८८१-८२ साली मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. तिला त्याचेच नाव आहे. महारोहिणीवर शस्त्रक्रिया करताना ही फांदी दुखावली तर रोग्याचे पाय जाऊ शकतात, म्हणून शल्यविशारद आजही तिला जपतात.

पण मला थक्क केले ते वेगळ्याच गोष्टीने. हालचालीचे हुकूम, वेदना, ऊन-गार यांच्या वाटा मुख्यतः पुढच्या रोहिणीच्या राज्यात. हलका स्पर्श आणि अवयव कुठे आहे याची जाण मागच्या भागातून जाते, आणि तिथे दोन रोहिण्या राबतात. म्हणूनच आबांना पायावर टाचणी टोचलेली कळत नाही, पाणी कढत की गार ते कळत नाही. आई आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहते. मात्र डोळे मिटून ते सांगतात, "उजवा अंगठा वर केलास." आईचा हात पायावरून फिरला की त्यांना तो कळतो.

मी चित्र काढून हे सारे त्यांना समजावले. आमचे शेत कालव्याच्या अगदी टेलला. पाणी कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही, हे आबांना कुणी शिकवायला नको.

"म्हंजे म्होरं एकच पाट व्हता, आन् त्योच आटला," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "मागले दोन चालू हायेत न्हवं? मंग त्यावर पिकंल तेवढं पिकवू."

त्यांचे पाय अजून उचलत नाहीत. मालिश आणि व्यायाम मात्र एक दिवसही चुकत नाही, आणि कंटाळा केलाच तर आम्ही करतो, आबा नाही.