पाइप गोल नसतो

आयसेलिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओक ट्री रोड येतो. साड्यांची दुकानं, सोन्याच्या पेढ्या, चाट आणि शनिवारी पार्किंगवरून होणारी नवरा-बायकोची भांडणं. गेल्या दिवाळीत सासरे पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मीही त्यांना हौसेने तिथेच नेलं. दोन दुकानं पाहून बाबा म्हणाले, "अगं, हे सगळं आपल्याकडेही मिळतं. इथलं काहीतरी दाखव."

मग गाडी मेन्लो पार्ककडे वळवली. शेजारच्याच एडिसन टाउनशिपमध्ये, ख्रिस्टी स्ट्रीटवर, एडिसनचा स्मारक-मनोरा आहे. १८७६ साली त्याने इथे प्रयोगशाळा थाटली आणि १८७९ साली त्याचा विजेचा दिवा इथेच उजळला. १९३८ साली लोकार्पण झालेल्या या मनोऱ्याच्या माथ्यावर भला मोठा काचेचा दिवा बसवलेला आहे. तो निरखत बाबांनी विचारलं, "याच्या आधी विजेचे दिवे नव्हतेच?"

होते की! कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीची कमान पेटवणारे आर्क दिवे होते. पण त्यांचा उजेड इतका प्रखर की रस्त्यावर ठीक, घरात सोसवत नसे.

"म्हणजे आमचा वेल्डिंगचा आर्कच!" बाबा खुलले.

बाबा भोसरीच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. एडिसनने घरातून टाळलेला तो आर्क कारखान्यात मात्र सुखाने नांदला. पुढे १९५७ साली युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांनी तोच आर्क वायूच्या झोतासह बारीक छिद्रातून दाबून सोडण्याचं पेटंट मिळवलं. तो प्लाझ्मा इतका तप्त असतो की पोलाद वितळतं आणि झोताबरोबर उडून जातं. याच प्लाझ्माने पाइप कापणाऱ्या यंत्रांचं मोशन कंट्रोल लिहिणं हे माझ्या नवऱ्याचं काम.

बापलेकांत या विषयावर मात्र अवाक्षर होत नसे. एका पाइपवर दुसरा पाइप बसवायचा, तर त्याचं तोंड खोगिरासारखं कापावं लागतं. बाबा जाड कागदावर रेघा आखून तो वळसा काढत, कागद पाइपला गुंडाळत, खडूने आखून पंच मारत, मग गॅस कटर आणि ग्राइंडर. शॉपमधले लोक लांबून त्यांच्याकडे आखणी करून घ्यायला येत. मग सीएनसी यंत्र आलं आणि शेवटची काही वर्षं बाबांचा कागद कुणी मागितला नाही. मुलगा तसल्याच यंत्रांना चालवायला शिकवतो हे कळल्यापासून त्यांनी त्याच्या कामाबद्दल विचारणंच सोडलं होतं.

मी मराठीची एम.ए. पुण्यात सहा वर्षं शाळेत शिकवलं. इथे डिपेंडंट व्हिसावर घरी. शिकवायला वर्ग नसला की माणूस शिकायला बसतो. नवऱ्याला म्हटलं, पाचवीच्या मुलाला सांगतोस असं सांग. त्याने किचन टॉवेलची रिकामी पुठ्ठ्याची नळी सुरीने तिरकी कापली, मग उभी चिरून उलगडली. कापलेली कड लाटेसारखी वरखाली झाली होती! पाइपवरचा सरळ काप म्हणजे उलगडल्यावर लाट. पाइप फिरत असतो आणि टॉर्च त्याच्या लांबीवर पुढेमागे होतो, तेव्हा ती लाट उमटते. शिवाय टॉर्च वरखाली व्हायला हवा, आणि वेल्डिंगसाठी कड तिरपी हवी म्हणून क्षणाक्षणाला कलायलाही हवा. या सगळ्या चाली एकाच तालात झाल्या पाहिजेत. सहा इंची म्हणतात त्या पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर असतो. तो एक अंश जरी चुकीचा फिरला तरी काप जवळजवळ दीड मिलिमीटर सरकतो. बारा इंची पाइप तितक्याच फेऱ्यांनी फिरवला, तर त्याचा पृष्ठभाग जवळपास दुप्पट वेगाने टॉर्चखालून जातो. वेग जास्त झाला तर काप आरपार जात नाही, कमी झाला तर खाली वितळलेल्या धातूचे गोळे चिकटतात.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये आकाशकंदील करायला बसलो होतो. फळीवर नवऱ्याने आणलेला चाचणीचा तुकडा होता. तो दुसऱ्या पाइपवर नीट बसत नव्हता. समोरासमोर दोन ठिकाणी फट राहत होती. आठवडाभर नवरा गणित तपासत होता. बाबांनी न विचारता कंदिलाचा उरलेला कार्डपेपर घेतला, रेघा आखल्या, कापला आणि पाइपला गुंडाळला. मग म्हणाले, "कॅलिपर आहे का रे?"

एका बाजूने मोजलं, मग काटकोनात फिरवून. दोन मिलिमीटरचा फरक.

"तुझं गणित बरोबर आहे. पाइप गोल नाहीये. गोल पाइप फक्त ड्रॉइंगमध्ये असतो."

नवरा गप्प झाला. नंतर त्यानेच मला समजावलं. टॉर्च पाइपपासून दूर गेला की आर्कचा व्होल्टेज वाढतो, त्यावरून यंत्र उंची सांभाळतं. पण टॉर्च कललेला असताना त्या आकड्यावर तितकं विसंबता येत नाही. शिवाय कललेला टॉर्च सरळ वर उचलला की कापाची जागाच सरकते. त्याला त्याच्याच रोखाने मागे घ्यावं लागतं. म्हणून कापण्याआधी यंत्राने पाइपला सगळीकडून स्पर्श करून त्याचा खरा आकार मोजायचा असतो. वेळ वाचवायला नवऱ्याने तीच फेरी बंद ठेवली होती.

"तुम्ही कसं करायचात, बाबा?" लग्नाला नऊ वर्षं झाली, हा प्रश्न त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"हात फिरवायचो आधी," बाबा म्हणाले. "डोळे मिटून."

त्या रात्री कंदील अर्धाच राहिला. दोघं अकरा वाजेपर्यंत गॅरेजमध्ये होते. मी दोनदा चहा दिला आणि स्वयंपाकघरातून बोलणं ऐकत राहिले: फिटअप, गॅप, बेव्हल. बाबांचा आवाज भोसरीत असायचा तसा, मोठा.

दिवाळीनंतर नवऱ्याने मोजणीची फेरी सुरू केली आणि पुढचा तुकडा चपखल बसला. त्याचा फोटो आता भोसरीच्या घरी टीव्हीशेजारी आहे. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की बाबा आधी इथल्या थंडीची चौकशी करायचे. आता पहिला प्रश्न वेगळा असतो.

"मोजलंस का रे?"