परंपरेला चूक कोण म्हणणार?

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला वाद आपण सहसा फार सोपा करून घेतो: एकाने फक्त ग्रंथ धरला, दुसऱ्याने ग्रंथासोबत परंपराही धरली. १५२१ साली वर्म्सच्या सभेत प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता लूथर याने बजावले, की पोप आणि धर्मसभा अनेकदा चुकल्या आहेत, तेव्हा शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवल्याशिवाय मी माघार घेणार नाही. १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली अलिखित परंपरा, दोन्हींना सारखाच मान दिला. पण परंपरेवाचून दोन्ही पक्षांचे अडते. खरा तंटा आहे तो परंपरेला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाचा, याचा.

नव्या करारातल्या २७ पुस्तकांची यादी त्या पुस्तकांत कुठेच नाही. आजची नेमकी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. जुन्या कराराच्या यादीवर तर दोन्ही पक्षांचे एकमतही नाही: मृतांसाठीच्या प्रार्थनेचा आधार ज्यात सापडतो तो मक्काबींचा दुसरा ग्रंथ लूथरने आपल्या १५३४ च्या जर्मन बायबलात इतर काही ग्रंथांबरोबर वेगळा काढला. म्हणून आज कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलात ६६. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चने ग्रंथांना अधिकार दिला नाही, असलेला फक्त ओळखला. मुद्दा खरा आहे. सोनाराच्या कसोटीने सोने तयार होत नाही. पण अस्सल कोणते हे ज्याच्या पारखीवरून मानायचे, त्याला पुढच्या प्रत्येक बाबतीत अविश्वसनीय ठरवणेही अवघड जाते.

यादी ठरली तरी अर्थ ठरत नाही. १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे शब्द लूथरने खडूने टेबलावर लिहून ठेवले होते. झ्विंगलीच्या मते त्यातल्या ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा होता. दोघांना ग्रंथ सारखाच प्रमाण, तरी प्रभुभोजनावर समेट झाला नाही. झुरिकमध्ये तर बालबाप्तिस्म्याचा वाद नगरपरिषदेने निकालात काढला आणि १५२७ साली बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्या फेलिक्स मांझला नदीत बुडवून मारले. चर्चचा न्यायाधीश नाकारला, तिथे नगराचा न्यायाधीश येऊन बसला.

मग रोमचेच म्हणणे मान्य करावे काय? तसेही नाही. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत १९५० साली जाहीर झाला. त्या घटनेचे वर्णन बायबलात नाही. चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाहून वरचढ नसून त्याचा सेवक आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली म्हटले. पण सेवक चुकला की नाही, हे सेवकानेच ठरवायचे असेल तर त्या नम्रतेला फारसा अर्थ उरत नाही. पौल थेस्सलनीकाकरांना तोंडी आणि लेखी, दोन्ही परंपरा धरून राहा असे सांगतो. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडणाऱ्यांना येशू फटकारतो. दोन्ही उतारे एकाच बायबलात आहेत. म्हणून परंपरेशिवाय ग्रंथ वाचता येतो हा प्रोटेस्टंटांचा भ्रम मला पटत नाही. पण वाचणाऱ्या संस्थेविरुद्धही ग्रंथाला साक्ष देता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह सोडवत नाही. त्या आग्रहासाठी मोजावी लागणारी फाटाफुटीची किंमत मोठी आहे, आणि तरीही ती मोजण्याजोगी आहे.