माळ ओलांडताना

दौंड–मनमाड लोहमार्गावर जे स्टेशन उभे राहिले त्याला जवळच्या जुन्या गावाचे, बेलापूरचे, नाव मिळाले. पुढे स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, तिचे श्रीरामपूर झाले. बेलापूर मात्र आपल्या जागी, प्रवरेच्या काठीच राहिले. ही गुंतागुंत आम्हा श्रीरामपूरकरांना आयुष्यभर पाहुण्यांना समजावून सांगावी लागते. निवृत्तिनाथांच्या पालखीला मात्र रुळांशी काही देणेघेणे नाही. त्र्यंबकेश्वराहून निघून, सिन्नरचा टापू ओलांडून ती जुन्या बेलापुरात येते, आणि तिथून राहुरी, डोंगरगण, नगर, मिरजगाव, करमाळा अशी पंढरपूरकडे जाते. एकूण वाट चारशे किलोमीटरांहून अधिक. २०२४ च्या आषाढवारीत या वाटेचा बेलापूर ते मिरजगाव एवढा मधला तुकडा मी चालले. हा लेख त्या तुकड्याविषयी आहे. पंढरपूर त्यात नाही, विठ्ठलदर्शनही नाही.

तुकडा हाच का, याला कारण आहे. आमच्या घरात एक कथा होती. १९७२ च्या दुष्काळात, दिवाळी झाल्यावर, माझे वडील – आम्ही त्यांना दादा म्हणत असू – मिरजगावजवळच्या एका वाडीतून निघाले आणि चार दिवस पायी चालून हरेगावला पोहोचले. वय एकोणीस. बरोबर भाकरी, मिरची आणि एक घोंगडी. हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, आणि कंपनीच्या ताब्यातली जमीन कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेलेली होती. त्या मळ्यांवर त्यांना काम मिळाले आणि ते इकडलेच झाले. 'चार दिवसांत आलो' हे वाक्य आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकले की त्याचा अर्थ आम्हाला ऐकू येईनासा झाला होता. ते पराक्रमाचे वाक्य होते. शाळेच्या सहलीत कुणी दमले की दादा ते काढत. माझ्या भावाने सायकल मागितली तेव्हाही काढले. दादा गेले त्याला आता काही वर्षे झाली. ते त्या गावी फारसे कधी गेले नाहीत, गेले तर लग्नापुरते आणि मुक्काम न करता. पालखीची वाट हीच, फक्त उलट्या दिशेने, हे मला उशिरा लक्षात आले आणि मग ते डोक्यातून जाईना.

वारीवर मराठीत जे थोर लेखन झाले ते बहुतेक आळंदीच्या वाटेवरचे आहे. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा 'परिपूर्ती'तला लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) ही दोन नावे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोत. इरावतीबाईंचा लेख १९६२ साली इंग्रजीत गेला आणि परदेशी अभ्यासक वारीकडे त्याच्या खिडकीतून पाहू लागले. वर्गात मी तो अनेकदा शिकवला आहे. दिंडीत ब्राह्मण वेगळे चालतात, मराठे वेगळे, जेवणे वेगळी, आणि मधल्या त्या फटीत उभी असलेली लेखिका. विद्यार्थी या जागी हमखास थांबतात. मोकाशी निराळे. ते संशय बरोबर घेऊन चालतात, आणि तो संशय त्यांना माणसांच्या अधिक जवळ नेतो. पण दोघांच्याही वाटेवर पुणे आहे, सासवड आहे, फलटण आहे. त्र्यंबकच्या पालखीची वाट कोरडी. तिच्यावर लेखक फारसे भेटत नाहीत.

कोरडी म्हणताना बेलापूर वगळायला हवे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे डावे-उजवे कालवे निघाले, आणि या भागाचे नशीब पालटले. ऊस आला, साखर आली, सहकार आला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी कारखाना निघाला तो इथून जवळच. आम्ही पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसे. 'पाटाला पाणी आले' हे आमच्याकडे पंचांगातल्या तिथीसारखे बोलतात. बेलापुरात पालखीपुढे रांगोळ्या होत्या, चौकाचौकात चहा होता आणि एका मंडळाने वारकऱ्यांना पाय चेपायचे यंत्र आणून ठेवले होते. एक म्हातारे त्यात पाय घालून बसले होते, चेहऱ्यावर गंभीर अविश्वास.

दिंडीत शिरायला ओळख लागते. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईंची सिन्नरकडची दिंडी होती, त्यांनी मला सामावून घेतले. पहिल्या दिवशी मी 'मॅडम' होते, दुसऱ्या दिवशी 'ताई', तिसऱ्या दिवशी नुसती 'माउली', म्हणजे इतर कुणीही. याचे मला बरे वाटले हे लिहायला संकोच वाटतो, पण वाटले. बायकांचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो, कारण अंघोळ आणि आडोसा या दोन्ही गोष्टी अंधारातच साधायच्या. वारीवरच्या भावपूर्ण लेखनात ही बाब क्वचित येते. टँकरच्या तोटीखाली, तिघीजणी लुगड्याचा पडदा धरून उभ्या, चौथी आत, हे रोज. तुळस डोक्यावर घेणाऱ्या मावशी मान ताठ ठेवून चालत, आणि त्यांच्याकडे पाहून आपोआप आपलीही मान सरळ होत असे.

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. राहुरीनंतर कृषी विद्यापीठाची हिरवाई, मुळा धरणाचे लाभक्षेत्र. मग जमीन चढू लागते. डोंगरगणचा घाट काही सह्याद्रीतल्या घाटांसारखा अंगावर येत नाही, पण चढून गेल्यावर मागे वळून पाहिले की पाटाचा प्रदेश खाली राहिलेला दिसतो, आणि पुढचा सगळा देश निराळा. इथे माझ्या पोटऱ्यांनी पहिल्यांदा तक्रार केली. घाटात टाळकरी तरुण मुले अभंगाच्या ठेक्यावर उड्या मारत चढत होती. आळंदीच्या पालखीत वेळापूरच्या उतारावर वारकरी धावतात, त्याला 'धावा' म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे. आमच्या मुलांना कळस दिसायला अजून दोन आठवडे होते. ती नुसतीच धावत होती.

नगर (नकाशावर आता अहिल्यानगर) मागे पडले की खरा माळ लागतो. मुरमाड, उथळ मातीचा. पहिल्या पावसाने त्यावर हिरवी साय धरलेली. काही महिन्यांनी हेच गवत कुसळे धरील आणि धोतरा-लुगड्यांत रुतून बसेल. एक धाविक पक्षी रस्त्याच्या कडेने आमच्याबरोबर थोडा पळाला, थांबला, पुन्हा पळाला. सोलापूर–नगरच्या या गवताळ पट्ट्यात माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले आणि कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली. काळवीट आहेत, माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. महसुली कागदांत अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. शब्द सोयीचा आहे, कारण पडीक म्हटले की तिच्यावर काहीही करता येते: झाडे लावता येतात, उद्योग आणता येतो. गवत हेच तिथले पीक आणि मेंढपाळ हाच तिथला शेतकरी, हे त्या शब्दात मावत नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' (१९५५) लिहून आम्हाला माळाकडे पाहायला शिकवले खरे; तो माळ माणदेशचा. नगर–कर्जतच्या माळाला अजून कुणी भेटले नाही, असे मला चालताना सारखे वाटत होते.

या ठिकाणी एक दूरची वाट आठवली. इंग्लंडात यॉर्कशरच्या उत्तरेला असेच उघडे, झाड नसलेले, हेदरच्या झुडपांचे पठार आहे. बिल काउली नावाच्या शेतकरी-लेखकाने १९५५ साली 'डेल्समन' मासिकातून आव्हान दिले: ऑसमदर्लीपासून समुद्रकाठच्या रेव्हन्स्करपर्यंतचे चाळीस मैल, म्हणजे सुमारे चौसष्ट किलोमीटर, चोवीस तासांत ओलांडून दाखवा. चाला किंवा पळा. त्याने स्वतः त्याच वर्षी ते केले आणि या वाटेला नाव दिले 'लाइक वेक वॉक'. लाइक म्हणजे प्रेत, वेक म्हणजे जागर. मृताशेजारी रात्रभर बसून म्हणायचे एक जुने यॉर्कशरी लोकगीत आहे. बेंजामिन ब्रिटन यांनी १९४३ मध्ये ते संगीतबद्धही केले. त्यात मेलेल्याचा आत्मा काटेरी झुडपांच्या माळावरून चालत जातो. जिवंतपणी त्याने कुणाला पायमोजे-जोडे दिले असतील तर माळाच्या तोंडाशी ते त्याला मिळतात. नसतील तर काटे हाडापर्यंत जातात. वाट पुरी करणाऱ्यांना मंडळाकडून काळ्या किनारीचे शोकपत्र मिळे, बिल्ल्यावर शवपेटी असे. पुरुषांना शोकगायक आणि बायकांना चेटकिणी म्हणण्याची रीत होती. इंग्रजांचा हा विनोद मला आवडतो. पुढे माणसे इतकी लोटली की त्या मऊ जमिनीला पायांनीच चर पडले आणि वाटेची काळजी करावी लागली.

आपल्याकडेही आता सिंहगड–राजगड–तोरणा पळतात, साताऱ्याला २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन भरते. त्यांच्या छातीवर क्रमांक असतो, शेवटी पदक असते, वेळ सेकंदापर्यंत मोजलेली. मी त्याला नावे ठेवत नाही. माझे काही विद्यार्थी त्यात आहेत आणि त्यामुळे अधिक शहाणे झाले आहेत. पण 'चार दिवसांत आलो' हे वाक्य त्याच जातीचे आहे, हे मला मिरजगावच्या अलीकडे, टाचेला फोड आलेला असताना, स्पष्ट दिसले. दादांनी आपल्या चालण्याला क्रमांक लावला होता. दुष्काळात पोटासाठी निघालेल्या माणसाने आपली वाट पराक्रम म्हणून सांगितली यात काही वावगे नाही. तशी सांगितली नसती तर ती फक्त लाचारी उरली असती, आणि मुलांपुढे लाचारी कोण मांडतो? त्या वर्षी मागे राहिलेले लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, सुकडी आणि मिलो ज्वारी खात होते. दादा सुकडीबद्दलही बोलत नसत.

मिरजगावच्या मुक्कामाला माझी आत्या भेटायला आली आणि मला वाडीवर घेऊन गेली. दादांची ही धाकटी बहीण. दुष्काळाच्या वर्षी आठ वर्षांची. रात्री तिने माझ्या टाचेला हळद-तेल लावले आणि मी तिला चार दिवसांची कथा सांगितली, तिला माहीत असणार असे धरून.

"येकटा कुठं गेला?" आत्या म्हणाली. "आई गेली व्हती की संगं. नगरपत्तुर."

आजीला मी पाहिलेले नाही. आत्याने जे सांगितले ते असे. आजीच्या मनात दोघांनीही जायचे होते. हरेगावला बायकांनाही काम मिळते असे कुणीतरी सांगितले होते. मुले आजोबांजवळ ठेवून मायलेक निघाले. दोन दिवसांत नगरला पोहोचले, रात्री स्टेशनाबाहेर झोपले. सकाळी आजीने विचार फिरवला. का फिरवला ते आत्याला ठाऊक नाही. तिच्या समजुतीप्रमाणे म्हशीसाठी. घरात एकच म्हैस उरली होती आणि आजोबा तिला विकून टाकतील अशी धास्ती होती. दादा उत्तरेला गेले, आजी परत फिरली. नगर ते वाडी, पन्नासेक किलोमीटर, एकटी. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती दारात आली, तेव्हा आत्या उंबऱ्यावर बसलेली होती, म्हणून तिला आठवते.

"म्हैस होती?" मी विचारले.

"व्हती. मग पुढं माघात इकली."

जाताना दोन दिवस आणि येताना दीड. मी हिशेब करत राहिले. पाच दशके आमच्या घरात चार दिवसांचे कौतुक होते आणि हा दीड दिवस त्यात कुठेच नव्हता. दिंडीत माझ्या पुढे ज्या बायका चालत होत्या त्यांतल्या किती जणी अशा कुणाला पोहोचवून परतल्या असतील! पोहोचवायला जाणाऱ्याची वाट मोजण्याची रीत आपल्याकडे नाही.

आत्या मग आजीच्या पायांविषयी बोलू लागली. आली तेव्हा पाय सुजलेले, तळव्यात कुसळे, टाचेत बाभळीचा काटा. तो आजोबांनी सुईने काढला. निघताना तिने आजोबांच्या जाड तळाच्या वहाणा घातल्या होत्या, त्या पायात नव्हत्या.

"मोडल्या का वाटेत?"

"मोडत्यात कशानं? नव्या व्हत्या."

बाहेर मिरजगावच्या दिशेने टाळांचा आवाज येत होता. आत्याने तेलाची वाटी बाजूला सारली. मी विचारले, दादांना हे ठाऊक होते ना, की ती अनवाणी परत गेली?

"ठावं नसायला काय झालं," ती म्हणाली, "त्येच्याच पायात व्हत्या की."