मनगट

बंगळुरास बदली होऊन आलो, तेव्हा जयनगरात एक मराठी स्नेही लाभले आणि त्यांच्यापाशी ‘ट्वायलाइट स्ट्रगल’चा पट. अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या १९४५ ते १९८९ या काळातील शीतयुद्धाचा हा दोघांनी खेळावयाचा खेळ २००५ साली निघाला. हाती आलेल्या पत्त्यात प्रतिपक्षाच्या लाभाची घटना असली, तरी तो बहुधा आपणच खेळावा लागतो. दुसऱ्या खात्याची नकोशी फाईल आपल्याच टेबलावरून निकालात काढणाऱ्या आम्हां नोकरमाणसांस हे निराळे समजावून सांगावे लागले नाही! अणुयुद्धाचा धोका दाखविणारा आकडा पाचावरून उतरत एकावर आला, की ज्याच्या पाळीत आला तो हरला. आमचा पत्ता भलतीकडे पडू लागला, की स्नेही मनगट धरीत. ‘अहो, आकडा पाहिलात का?’ मग चहा होई, आणि पत्ता परत आमच्या हाती.

पुढे त्यांची बदली गुवाहाटीस झाली. या खेळाची २०१६ साली निघालेली संगणकीय आवृत्ती दोघांनीही घेतली. यंत्र हिशेब चोख ठेवते, नियमबाह्य खेळी करूच देत नाही; वादास जागा उरली नाही. परंतु मूर्खपणाची खेळी नियमबाह्य नसते. गेल्या रविवारी रात्री आम्ही नेमकी तीच केली. आकडा एकावर आला आणि डाव संपला.

सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. जिंकल्याचा आनंद आवाजात नव्हता. ‘अहो, मी समोर असतो तर...’ एवढेच म्हणाले.

नवा डाव त्यांनी मांडला आहे. चार दिवस झाले, पाळी आमची आहे.