कॅनॉलचं टेल आणि पायाचा अंगठा

मंडळी, आजचा लेख जरा डॉक्टरी आहे. पण आमच्या घराण्यातल्यांनी तरी तो वाचाच. जमीनजुमला सगळ्यांच्या वाट्याला आला नाही, साखर मात्र सगळ्यांना मिळाली आहे!

माझ्या पायातली चप्पल वाटेतच निसटायची आणि मला पत्ताच लागायचा नाही. म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला टेकवला. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो म्हणे. मग नादकाटा वाजवून हाडांवर ठेवला. गुडघ्याला स्वच्छ कळलं, घोट्याला थोडं. अंगठा गप्प. रिपोर्टवर शब्द आले, ‘डिस्टल सिमेट्रिक पॉलिन्यूरोपथी’.

आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले, तेव्हा हा शब्द सोडवल्याशिवाय चैन कसं पडणार? नात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला बसवून घेतलं. ती म्हणाली, “आजी, आधी शरीराच्या दिशा शीक.”

नकाशात वर उत्तर धरतात, तसं शरीरशास्त्रात माणूस नेहमी उभा, तोंड समोर आणि तळहात पुढे केलेले असं धरतात. तो झोपला काय की उलटा टांगला काय, डोकं ‘वर’च. डावं-उजवं त्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. कवायतीच्या तासाला समोर उभ्या मुलांचा गोंधळ व्हायचा तो इथे होत नाही. शरीराच्या मध्यरेषेकडचं ते मिडियल, बाहेरच्या कडेचं ते लॅटरल. हातापायांसाठी वेगळी जोडी : धडाजवळचं प्रॉक्झिमल, धडापासून लांबचं डिस्टल. कोपर खांद्याच्या मानाने डिस्टल, पण मनगटाच्या मानाने प्रॉक्झिमल. एकच बाई कुणाची सासू आणि कुणाची सून असावी, तसं!

म्हणजे माझं दुखणं ‘लांबच्या टोकाचं, दोन्हीकडे सारखं’. पण लांबचं टोकच आधी का?

यासाठी चेतापेशी समजून घ्यावी लागली. तिला एक पेशीकाय असतो आणि त्यातून निघालेला लांब अक्षतंतू. अंगठ्याची जाणीव आणणाऱ्या पेशीचा पेशीकाय पायात नसतोच, तो कंबरेशी, पाठीच्या कण्याजवळ असतो. तिथून अंगठ्यापर्यंत जवळजवळ एक मीटरचा धागा. पेशी केवढी, तर डोळ्यांना न दिसणारी, आणि तिचा धागा हा एवढा!

निरोप विजेच्या तारेसारखा वाहत नाही. तंतूच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण. टोकाशी दाब पडला की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, ती जागा क्षणभर धन होते आणि तिच्यामुळे पुढची दारं उघडतात. नुकतं मिटलेलं दार लगेच उघडत नाही, म्हणून निरोप मागे फिरत नाही. जाड तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं आणि मध्ये मध्ये उघड्या फटी. निरोप फटीतून फटीत उड्या मारत जातो. आपल्या खो-खोसारखं! सगळ्यात वेगवान तंतूत हा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. हे सोडियम-पोटॅशियमचं गणित हॉजकिन आणि हक्सले यांनी माकुळाच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

निरोप असा झटपट, पण रसद फार सावकाश. तंतूला लागणारी बहुतेक प्रथिनं पेशीकायात तयार होऊन खाली जातात. वेगवान माल दिवसाला साधारण ४० सेंटिमीटर चालतो, म्हणजे अंगठ्यापर्यंत दोन-तीन दिवस. काही माल तर दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर. वाढलेली साखर या तंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करत राहते. मग झळ पहिल्यांदा कुणाला? सर्वांत लांब तंतूच्या शेवटच्या टोकाला. कॅनॉलचं पाणी कमी पडलं की टेलचा शेतकरी आधी सुकतो, तसंच हे. बधिरपणा गुडघ्यापाशी पोचेपर्यंत हाताची बोटं सुरू होतात, कारण त्यांचे तंतूही साधारण तेवढेच लांब.

हे कळून अंगठा जागा झाला नाही. गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साखर ताब्यात ठेवायची आणि आहे ते सांभाळायचं. रात्र झाली की मी थोडी घाबरते. काटा रुतला, चटका बसला, तर मला सांगणार कोण? म्हणून रोज झोपण्यापूर्वी आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते. अनवाणी चालणं बंद, देवळातही मोजे घालते. चप्पल घालण्याआधी झटकते आणि आत हात फिरवते. पाणी गरम आहे का हे कोपराने बघते. अंगठ्याने सांगायचं बंद केलं, तेव्हा त्याचं काम डोळ्यांनी करायचं.

तेव्हा भाचे-पुतणे, सुना-लेकी, ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा तो दोरा तळव्याला लावून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. आणि लावून घेतलात की मला फोन करा, मी वाट बघतेय.